दोन हातांचं मडकं

लातूरच्या त्या दवाखान्यात डायलिसिसच्या खोलीत उज्वला नवी कोरी मडकी घेऊन आली आणि सगळी खोली गप्प झाली. मशिनी तेवढ्या घरघरत राहिल्या.

पोरगी मनानं वाईट नव्हती. शाळेत चित्रकला शिकवायची आणि दर बुधवारी दुपारी एका संस्थेकडून इथं यायची. तासन् तास सुया टोचून पडलेल्या माणसांच्या हाताला काही चाळा मिळावा, जीव रमावा, एवढंच तिच्या मनात. आधी तिनं कागद आणि रंगखडू आणले होते. पण ज्या हातात सुया असतात तो हलवायचा नाही, आणि एका हातानं रेघ ओढायला गेलं की कागद सरकतो. "कागद धरायला दुसरा हात कुठनं आणू, म्याडम?" असं म्हणून औश्याकडच्या श्रीमंतनं कागदाची सुरळी केली होती आणि त्या सुरळीनं कान कोरत पडला होता. मडकं जड असतं, ते सरकणार नाही, असा विचार करून उज्वला कुंभाराकडं गेली आणि माणशी एक मडकं घेऊन आली. प्रत्येक पलंगाशेजारच्या स्टुलावर तिनं एकेक मांडलं.

आजारी माणसाच्या उशाशी कोरं मडकं कुणी ठेवत नाही. घरात ते कधी येतं आणि कुणाच्या पुढं चालतं, हे खेड्यातल्या लेकरालाही कळतं. शहरात वाढलेल्या उज्वलाला ते सुचलंच नाही. श्रीमंतनं तोंड भिंतीकडं फिरवलं. पलीकडच्या एका म्हातारीनं डोळ्यांवर पदर ओढला आणि हुंदका दिला.

"काय झालं?" उज्वला म्हणाली. "कुणाला दुखतंय का?"

आनंदराज आपल्या पलंगावरून सगळं बघत होता. त्याच्या डाव्या हातात सुया होत्या, उजवा मोकळा होता. पोरीला कसं सांगावं या विचारात तो असतानाच त्याच्या उजवीकडच्या पलंगावरून शरणम्मा बोलली. किल्लारीजवळच्या एका खेड्यातली ही लिंगायत बाई, साठीची, अंगानं काडी पण आवाज खणखणीत. घरात कानडी बोलायची, बाहेर मराठी.

"पोरी, मडकं तर आणलंस. बांबू कुठं ठेवलास? खाली गाडीत हायेत का?"

कुणीतरी फस्सकन हसलं. मग उज्वलाच्या ध्यानात आलं. तिचा चेहरा उतरला. ती घाईघाईनं मडकी गोळा करायला लागली, तर शरणम्मा म्हणाली, "माझं राहू दे. आमच्यात मडकं फोडत न्हाईत गं. आम्हाला मांडी घालून बसवतात आन् तसंच पुरतात. मला मडक्याचं कशाला भ्या?" मग मान वळवून म्हणाली, "आन् तुमच्यात रे, आनंदराज अण्णा?"

"आमच्या घरी बंद झालं ते," आनंदराज म्हणाला. "धम्म घेतला तवापास्नं. आज्याच्या टायमाला असंल."

"मग आपण दोघंच मोकळे!" शरणम्मा म्हणाली. "ह्यांना भिऊ दे. एक मडकं राहू दे पोरी, दोघांत एक."

श्रीमंत भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाला, "खेळा, खेळा. यमाला बोलवायलेत."

असं ते एक मडकं खोलीत राहिलं.

शरणम्माच्या डाव्या हाताची नस बसली होती, म्हणून तिला उजव्या हातात सुया. तिचा मोकळा हात आनंदराजच्या बाजूला, त्याचा मोकळा हात तिच्या बाजूला. दोन पलंगांच्या मधोमध स्टूल, स्टुलावर मडकं. तिनं चार बोटं काठाच्या आत घालून धरायचं आणि फिरवायचं, त्यानं रंगवायचं. दोघांचा मिळून एक धडका माणूस झाला.

उज्वलानं डबीतले रंग काढले तर शरणम्मानं नाक मुरडलं. "त्यानं आंबील नासंल. चुना आन् काव पायजे. येळवस आली तोंडावर."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूरकडं माणूस गावात राहत नाही. रानात कडब्याची खोप घालायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि भाकरी खायची आणि चुना-कावेनं रंगवलेल्या मडक्यातली आंबील प्यायची. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, आंबटगार. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात.

सिस्टर आधी तयार नव्हती. चुना सांडला तर डॉक्टर मला बोलतील, म्हणाली. शेवटी खाली प्लास्टिक अंथरायचं आणि चुना घरूनच भिजवून आणायचा, यावर मिटलं. शरणम्माचा लेक शिवमूर्ती तिला मोटरसायकलवर आणून सोडायचा आणि संध्याकाळी न्यायचा. त्यानंच दोन डब्या आणल्या, एकीत चुना, एकीत काव. गरीब स्वभावाचा पोरगा. विचारल्याशिवाय बोलायचा नाही आणि विचारलं तरी खाली बघून बोलायचा.

चुन्याला हात लावताच आनंदराजला बरं वाटलं. मुदखेडला रेल्वेत गँगमन म्हणून त्याची सगळी नोकरी झाली होती. रुळाकडेच्या दगडांना, खांबांना, खुणांना चुना फासण्यात त्याचे किती उन्हाळे गेले. निवृत्तीनंतर बायको वारली आणि तो लातूरला लेकीकडं आला, आणि इथं आल्यावर किडन्या बसल्या. तेव्हापासून हाताला कामच नव्हतं. सुईसाठी पुढं करायचा, एवढंच त्या हाताचं काम.

"फिरव," तो म्हणायचा.

"फिरवलं. आता कणसं काढ. टपोरी काढ, आमच्या रानात बिनदाण्याचं बाटूक येत न्हाई."

"ह्या बाजूला मी माझं काढतो."

त्यानं मडक्याच्या पोटावर दोन सरळ रेघा ओढल्या आणि मधे आडव्या बारक्या रेघा घातल्या.

"ही काय, शिडी का?"

"रूळ हायेत, अक्का."

"आमच्या रानातनं आगगाडी कवा गेली रे?"

"न्हाई गेली. मडक्यावरनं जाऊ दे."

शरणम्मा इतकी हसली की मशीन टीं टीं ओरडायला लागली आणि सिस्टर धावत आली. "मावशी, हलायचं नाही म्हणून किती वेळा सांगू?" "ह्या गँगमनला सांग," शरणम्मा म्हणाली, "साकु, साकु. बास झालं, आता गप पडते."

पायात गोळे यायचे, डोकं फिरायचं, घशाला कोरड पडायची, ते काही थांबलं नाही. रोज पाऊण लिटरच्या वर पाणी नाही, ते बंधनही तसंच. पण घड्याळाकडं बघत पडायची सवय आनंदराजची गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार ही त्यांची पाळी. सोमवारी मशीनवर झोपताना बुधवारी मडक्यावर काय काढायचं ते डोक्यात यायला लागलं. रोज इतकं मरण मनात घेऊन झोपणाऱ्या माणसाला तेवढंही पुष्कळ होतं.

एक दिवस शरणम्मा म्हणाली, "अण्णा, येळवसीला तू आमच्या रानात ये. ह्या मडक्यातला पहिला गिलास तुझा."

आनंदराजचा हात थांबला. त्याचं आजोळ उदगीरकडचं. लहानपणी येळवसीला आई त्याला रानात न्यायची. बांधावर बसायचं. खोपीतून कुणीतरी यायचं आणि यांच्या तांब्यात वरून आंबील ओतायचं. चांगली लागायची, खोटं कशाला बोला. पण खोप आतून कशी असते ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"अक्का," तो हळू आवाजात म्हणाला, "मी कोण हाय ते ठावं हाय न्हवं?"

"तुझी पोरगी रोज येती. तिला तू बुद्धप्रिया म्हणून हाक मारतोस. धम्म घेतल्याचं बी तूच बोललास. मी काय बहिरी हाय?"

"मग?"

शरणम्मानं बोटांनी मडकं जरा फिरवलं. "माझी सासू असती तर तुला बांधावर बसवलं असतं. मी बी बसवलंच असतं रे, आजारी न्हवते तवा. आता मला ते जमत न्हाई. तू खोपीत बसायचं, आन् माझ्या म्होरं प्यायचं. डॉक्टरनं मला आंबील बंद केलीय, तुला बी बंद केलीय. त्या दिवशी दोघं चोरून पिऊ."

हे ऐकल्यापासून आनंदराजला दुसरं काही सुचेना. खोपीत बसून, आपल्या हातानं रंगवलेल्या मडक्यातली आंबील. आयुष्यात आता मागायसारखं फार काही उरलं नव्हतं, हे एक उरलं होतं.

घरी त्यानं सांगितलं तेव्हा बुद्धप्रियाला ते आवडलं नाही. ती पोस्टात कामाला होती, सरळ आणि स्पष्ट बोलणारी. बापाचं पाणी तीच मोजून बाटलीत भरून ठेवायची.

"येळवस आपली नाही, बाबा. आणि कुणी खोपीत बसवलं म्हणून आपण हरखून जायचं का? आपली जागा आपण घेतली, कुणी दिलेली नाही."

"तुझं खरं हाय, बाय," आनंदराज म्हणाला. "पर मी पाव्हणा म्हणून चाललो न्हाई. मडकं निम्मं माझं हाय."

"एक गिलास," ती म्हणाली. "आणि तेवढं पाणी मी दिवसाच्या पाण्यातून कापीन."

मडकं झालं त्या शुक्रवारी शरणम्माचा रक्तदाब फार उतरला होता. तिला नीट धरता येईना, मडकं स्टुलावर डुगडुगत होतं. तरी तिनं हात काढला नाही. पांढऱ्यावर तांबडी कणसं, एका बाजूला बैल, पोटावर रूळ. श्रीमंतसुद्धा कोपरावर टेकून बघायला लागला. "बैल हाय का कुत्रं?" म्हणाला, पण बघत राहिला. संध्याकाळी शिवमूर्तीनं मडकं चादरीत गुंडाळलं, आईला मागं बसवलं, मधे मडकं धरायला दिलं आणि गाडी हळूहळू नेली. खिडकीतून आनंदराजला तेवढंच दिसलं.

सोमवारी शेजारचा पलंग रिकामा होता. सिस्टरनं चादर बदलली. त्या खोलीत असंच कळतं. दुपारपर्यंत तिथं दुसरं कुणीतरी येऊन झोपलं. रविवारी पहाटे शरणम्माला दम लागला होता, गाडी मिळेपर्यंत संपलं, असं मागाहून समजलं.

श्रीमंत म्हणाला, "मी सांगितलं होतं. मडकं आणलं आन् बाई नेली."

"तिला मडक्यानं नेलं न्हाई," आनंदराज म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. खोलीतले सगळे श्रीमंतच्याच बाजूचे होते. बुधवारी उज्वला आली, तिनं रिकाम्या स्टुलाकडं पाहिलं, दाराशीच जरा उभी राहिली आणि परत गेली. पुढच्या बुधवारी ती आलीच नाही. पुन्हा सगळे घड्याळाकडं बघत पडायला लागले.

आनंदराजनं शिवमूर्तीला फोन लावला. पोरगा रडला, मग शांत झाला. "काका, वर्षाच्या आत आम्हाला सण न्हाई," तो म्हणाला. "पर शेजारच्या रानात सगळ्यांना बोलावलंय. आई मला बोलली होती तुमचं. तुम्ही या. मी रस्त्यावर घ्यायला येतो."

येळवसीच्या सकाळी लातूर ओस पडलं होतं. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्री. आनंदराजनं आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. तोंड खळखळून थुंकायचा, एवढंच. दिवसाचं सगळं पाणी त्या एका मडक्यासाठी राखून ठेवलं होतं. बुद्धप्रियानं भरलेली बाटली घरीच ठेवून तो जीपमध्ये बसला. जीपमधली माणसं डबे, टोपल्या, लेकरं घेऊन रानात निघालेली, आरडाओरडा करत. त्याची जीभ टाळ्याला चिकटत होती, पण त्याला ते बरं वाटत होतं.

शिवमूर्ती रस्त्यावर उभा होता. त्यानं त्याला गाडीवरून शेजारच्या रानात नेलं. हरभऱ्याच्या कडेला कडब्याची खोप, आत पांढरे दगड, समोर माणसं जेवत बसलेली, त्यातच शिवमूर्तीची बायको लेकराला घेऊन. "या या, शरणम्माचे दवाखान्यातले का? आत या, ऊन लागतंय," म्हणून घरधन्यानं त्याला हाताला धरून आत बसवलं. कडब्याचा गोडसर वास आला. आतून खोप ही एवढीच. वाकून बसावं लागतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते उपरण्यानं पुसले.

कुणीतरी स्टीलचा गिलास पुढं केला. वर लसणाची फोडणी तरंगत होती. आनंदराजनं गिलास हातात घेतला आणि खाली ठेवला.

"शिवमूर्ती, अक्काचं मडकं कुठं हाय? मी त्यातली घेतो."

"ते घरी हाय, काका. हीच घ्या की. हीच चांगली हाय."

"मग आण ना. न्हाईतर ही त्यात ओतू. मला त्यातलीच पायजे."

शिवमूर्तीनं गिलास बाजूला सारला. मग उठला. "चला," म्हणाला.

दोन रानं ओलांडून त्यांचा गोठा होता. पत्र्याखाली गाय बांधलेली, बाजूला वासरू. वासराच्या पुढ्यात ते मडकं होतं. आत सरकीची पेंड भिजत घातलेली. वासरानं तोंड घालून घालून चुना एका बाजूनं पार गेला होता. बैल निम्मा राहिला होता. रूळ तेवढे दिसत होते.

आनंदराजनं वाकून रुळांवरनं बोट फिरवलं. शिवमूर्तीच बोलायला लागला.

"आई गेली त्या दिवशी बायकोनं बाहेर काढलं. म्हणली, घरात लहान लेकरू हाय. फोडून टाक म्हणली. मला फोडवंना, म्हणून इथं ठेवलं."

"का बाहेर काढलं?"

"असंच."

"दवाखान्याचं म्हणून, का माझ्या हाताचं म्हणून?"

शिवमूर्तीनं पायानं माती उकरली. "मला काय म्हायती, काका. ती नुसती न्हाई म्हणली. मी इचारलं न्हाई."

"आता इचार," आनंदराज म्हणाला. "ती तिकडं खोपीपाशीच हाय न्हवं? जा. मी इथं थांबतो. दवाखान्याचं म्हणून असंल, तर मला काय वाईट वाटायचं न्हाई. दवाखान्याला मी बी भितो. पर इचारून ये."

शिवमूर्ती गेला. आनंदराज गव्हाणीच्या कठड्यावर टेकला. रान मोकळं होतं, हरभरा कमरेच्याही खाली, लांबचं सगळं दिसत होतं. शिवमूर्ती खोपीपाशी पोचला. लाल लुगड्यातली त्याची बायको पोराला भरवत होती. तो तिच्या बाजूनं गेला. घागरीतलं पाणी घेतलं, उभ्या उभ्या प्याला. कुणीतरी त्याला काही बोललं, तो हसला. बायकोकडं त्यानं मान वळवली नाही. मग हात पुसत माघारी फिरला.

येईपर्यंत आनंदराजला पुष्कळ वेळ मिळाला. पोरगा वाईट नव्हता. त्याला उत्तर ठाऊक असेल किंवा नसेलही. ते ऐकायची त्याची हिंमत नव्हती, एवढं नक्की होतं.

"दवाखान्याचं म्हणूनच, काका," शिवमूर्ती म्हणाला. "तुम्ही मनात काही आणू नका."

"बरं," आनंदराज म्हणाला.

"धुऊन देऊ का? आता धुतो, त्यात आंबील आणतो."

"नको. वासराला लागतं ते. मला रस्त्यावर सोड."

"अहो, जेवल्याबिगर?"

"मशीनवर जायचं हाय उद्या. लवकर गेलेलं बरं."

जीप भरलेली होती. माणसं खाऊन-पिऊन पेंगत होती, सगळ्यांच्या अंगाला ताकाचा आणि लसणाचा वास. आनंदराजचे ओठ फुटले होते. बाजूच्या म्हातारीनं बाटली पुढं केली. त्यानं हातानंच नको म्हणून खुणावलं. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

तो घरी आला तेव्हा दिवस मावळत होता. बुद्धप्रिया दारातच होती. तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि विचारलं,

"प्यालात का, बाबा, आंबील?"

न्हाई म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. मग ती जे म्हणाली होती ते खरं ठरलं असतं, आणि शरणम्मा जे म्हणाली होती ते खोटं पडलं असतं. मेलेल्या बाईला बोल लागला असता.

"प्यालो," तो म्हणाला.

"किती?"

"दोन गिलास. लई आग्रह केला गं."

"दोन?" तिच्या कपाळाला आठी पडली. "एक ठरला होता ना? ताक, त्यात मीठ. मग आता पाणी नाही बाबा. उद्या वजन वाढून येईल, छातीत पाणी भरेल. सकाळपर्यंत काढायचं."

"हाव," तो म्हणाला.

तिनं भरलेली बाटली उचलून आत नेली. आनंदराज बाजेवर आडवा झाला. जीभ सुजून तोंडात मावत नव्हती.

आतून तिनं विचारलं, "खोपीत बसवलं ना पण?"

"बसवलं," तो म्हणाला. तेवढं खरं होतं.